आरसा कॅडेटच्या हातात द्या

‘हातच्या कांकणाला आरसा कशाला?’ अशी आपल्या मराठीत म्हण आहे. जे डोळ्यांसमोर उघड आहे त्याला आणखी पुरावा नको, असा तिचा अर्थ. दहावीच्या भौतिकशास्त्राच्या तासाला मात्र गोष्ट उलटी आहे. तिथे पुरावा म्हणूनच आरसा लागतो, आणि तो कांकणासारखा आपल्या हातात असावा लागतो. बहुतेक शाळांत तो सरांच्या टेबलावर असतो आणि चाळीस विद्यार्थी तो लांबून बघतात.

मित्रांनो, या लेखात मला एकच मुद्दा मांडायचा आहे. अंतर्गोल आणि बहिर्गोल आरशात प्रतिमा कशी तयार होते, हे फक्त दाखवून भागत नाही. ते प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने करायला हवे, आणि तेही वहीत किरणाकृती काढण्याच्या आधी.

नेहमीचा तास कसा होतो ते आपल्या सर्वांना माहीत आहे. टेबलावर स्टँड, स्टँडवर अंतर्गोल आरसा, समोर मेणबत्ती आणि पांढऱ्या कागदाचा पडदा. सर पडदा पुढेमागे करतात. एका जागी ज्योतीची उलटी प्रतिमा स्पष्ट उमटते. ती प्रतिमा असते दोन-तीन सेंटिमीटरची. पहिल्या बाकावरच्यांना ती दिसते, तिसऱ्या बाकावरच्यांना कागदावर पिवळा डाग दिसतो आणि शेवटच्या बाकावरच्यांना पुढच्याचे डोके दिसते. सर विचारतात, ‘दिसली?’ आपली शाळा सैनिकी, त्यामुळे उत्तर एका सुरात येते, ‘यस सर!’ मग फळ्यावर सहा ओळींचा तक्ता येतो: वस्तू अनंत अंतरावर, वस्तू ‘सी’च्या पलीकडे, ‘सी’वर, ‘सी’ आणि ‘एफ’च्या मध्ये, ‘एफ’वर, ‘एफ’ आणि ‘पी’च्या मध्ये. समोर प्रतिमेची जागा, आकार आणि स्वरूप. तक्ता पाठ झाला की धडा झाला.

गंमत म्हणजे आपले पुस्तक असे सांगतच नाही. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रकाशाच्या धड्याची सुरुवात चकचकीत चमच्यात स्वतःचा चेहरा बघण्याच्या कृतीने होते. पुढे टेबलावर खडूने रेषा मारा, त्यावर ‘पी’, ‘एफ’ आणि ‘सी’च्या खुणा करा, मेणबत्ती एकेका जागी ठेवा, पडद्यावर प्रतिमा शोधा आणि निरीक्षणे लिहा, असे स्पष्ट दिले आहे. तक्ता त्या कृतीनंतर येतो. म्हणजे तो निरीक्षणांचा सारांश आहे. आपण सारांश पाठ करतो आणि निरीक्षणे सोडून देतो.

या सत्रात आमच्या वर्गाला एक जोड तास वेगळ्या पद्धतीने मिळाला. चार-चार कॅडेटचे दहा गट, प्रत्येक गटाला वीस सेंटिमीटर नाभीय अंतराचा एक आरसा. (मराठी माध्यमात शिकलेल्या पालकांना ‘नाभी’ आणि ‘नाभीय अंतर’ हे शब्द आठवत असतील. आमच्या इंग्रजी पुस्तकातला ‘फोकस’ तो हाच.) सूचना इतकीच होती, ‘खिडकीतून चामुंडी टेकडी दिसते आहे. ती कागदावर पकडून दाखवा.’

म्हैसूरमध्ये राहणाऱ्याला चामुंडी टेकडी नवी नाही. शहराच्या पातळीपेक्षा ती सुमारे ३०० मीटर उंच आहे आणि आमच्या वर्गापासून साधारण पाच किलोमीटर लांब. खिडकीपासून दूर, खोलीच्या अंधाऱ्या भागात उभे राहायचे, आरसा टेकडीकडे करायचा आणि कागद किंचित बाजूला धरून पुढेमागे सरकवायचा. आधी नुसता उजेड पडतो. मग एकदम कडा उमटतात. आकाश खाली, टेकडी वर आणि तीही उलटी, हिरव्या-तपकिरी रंगासकट. प्रतिमेची उंची मोजली तर सुमारे १.२ सेंटिमीटर. हा आकडा जादूने येत नाही. ३०० मीटर म्हणजे ५००० मीटरचे शंभरातले सहा भाग, आणि २० सेंटिमीटरचे शंभरातले सहा भाग म्हणजे १.२ सेंटिमीटर. माथ्यावरच्या मंदिराचे गोपूर मोहरीच्या दाण्याएवढे होते. आरशापासून कागदापर्यंतचे अंतर पट्टीने मोजले की नाभीय अंतर मिळाले. ‘अनंत अंतरावरची वस्तू, प्रतिमा नाभीपाशी’ ही तक्त्याची पहिली ओळ कुणी सांगितली नाही, ती आम्ही मोजली.

नंतर मेणबत्ती. मेणबत्ती ६० सेंटिमीटरवर ठेवली तर प्रतिमा ३० सेंटिमीटरवर, निम्म्या आकाराची. ४० वर ठेवली तर प्रतिमाही ४० वर, तेवढीच मोठी. ३० वर ठेवली तर प्रतिमा ६० वर, दुप्पट. म्हणजे ६० आणि ३० यांनी जागा बदलल्या. प्रकाश उलट वाटेनेही त्याच मार्गाने जातो, हे वाक्य न उच्चारताच समोर आले.

आता मेणबत्ती ३० वरून २५ वर आणा. फक्त पाच सेंटिमीटरचा फरक, पण प्रतिमा ६० वरून १०० सेंटिमीटरवर जाते आणि चौपट मोठी होते. मेणबत्ती २२ वर आणली तर प्रतिमा २२० सेंटिमीटरवर, म्हणजे टेबल सोडून समोरच्या भिंतीवर. याउलट मेणबत्ती ६० सेंटिमीटरपासून कितीही लांब, थेट चामुंडी टेकडीपर्यंत नेली, तरी प्रतिमा जेमतेम दहा सेंटिमीटर सरकते. तक्त्यात या सगळ्याबद्दल एक शब्दही नाही. तिथे नुसते ‘सी आणि एफच्या मध्ये’ आणि ‘सीच्या पलीकडे’ असे लिहिलेले असते. नाभीजवळ प्रतिमा किती वेगाने पळते, हे पडदा घेऊन तिच्यामागे धावल्याशिवाय कळत नाही. आमच्या गटातला जो कॅडेट वहीत एकही किरण सरळ काढू शकत नाही, त्याने भिंतीवरची ती मोठी ज्योत सगळ्यांच्या आधी शोधली.

यापुढचे दोन प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात, कारण ते तक्त्याने सुटतच नाहीत.

पहिला, पडदा काढून टाका. प्रतिमा कुठे जाते? वर्गात विचारले तर बहुतेक जण म्हणतात, ‘नाहीशी होते.’ पण जिथे पडदा होता त्याच्या मागे, थोड्या अंतरावर डोळा ठेवून आरशाकडे पाहा. हवेत लटकलेली उलटी ज्योत दिसते. प्रतिमा किरण एकत्र येण्याने तयार होते. पडदा फक्त ती सगळ्यांना दाखवतो. ‘वास्तव प्रतिमा’ हा शब्द पाठ असणे आणि ती अधांतरी ज्योत पाहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा, आरशाचा खालचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाका. आता काय होईल? किरणाकृतीवरून शिकलेला विद्यार्थी सांगतो, अर्धी प्रतिमा दिसेल. कारण आकृतीत आपण दोन-तीनच किरण काढतो, आणि त्यातला एक कागदाने अडला की चित्र अर्धे वाटते. प्रत्यक्षात प्रतिमा पूर्ण राहते, फक्त मंद होते. ज्योतीच्या प्रत्येक बिंदूपासून आरशाच्या प्रत्येक भागावर किरण पडत असतात. अर्धा आरसा झाकला म्हणजे निम्मा प्रकाश कमी झाला, निम्मी ज्योत नाही.

हा घोळ फक्त आपल्या देशात किंवा फक्त शाळकरी मुलांत होतो असे नाही. अमेरिकेत फ्रेड गोल्डबर्ग आणि वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लिलियन मॅकडरमॉट यांनी १९८७ साली याच विषयावर संशोधन प्रसिद्ध केले. बहिर्गोल भिंग आणि अंतर्गोल आरसा यांनी तयार होणारी वास्तव प्रतिमा विद्यार्थ्यांना कितपत समजते, हे त्यांनी प्रत्यक्ष साधने समोर ठेवून विचारले. पडदा काढला तर काय, अर्धा भाग झाकला तर काय, असेच प्रश्न होते. महाविद्यालयात हा भाग शिकून झालेल्या अनेक विद्यार्थ्यांनाही या साध्या प्रश्नांची नीट उत्तरे देता आली नाहीत. सूत्र येत होते, आकृती येत होती, पण समोरच्या आरशाचे काय होईल ते सांगता येत नव्हते.

आता आपल्या शाळेच्या भाषेत बोलतो. ड्रिलच्या मैदानावर उस्ताद आधी नमुना दाखवतात. ‘दाहिने मुड’ कसे करायचे ते स्वतः करतात, मग गिनतीवर तुकडे पाडून दाखवतात. पण तेवढ्यावर पिरियड संपत नाही. नंतर प्रत्येक कॅडेट ते करतो, चुकतो, पुन्हा करतो, आणि कुणाचा अंगठा पँटच्या शिवणीवर नाही हे उस्तादांना रांगेच्या टोकावरूनही दिसते. रायफल खोलणे-जोडणे शिकताना चाळीस जणांना एक रायफल लांबून दाखवली आणि ‘समजले ना?’ विचारून परीक्षा घेतली, असे कधी ऐकले आहे का? पोहण्याच्या तलावाच्या काठावर बसून पोहणे शिकवतात का? नमुना आवश्यक आहे, पण तो शिकण्याचा पहिला भाग आहे. सकाळी मैदानावर जे तत्त्व आपण पाळतो, ते नऊ वाजता प्रयोगशाळेच्या दारात का सोडून देतो, हा माझा प्रश्न आहे.

याच शहरात याचे एक चांगले उदाहरण आहे. मानसगंगोत्रीजवळ प्रादेशिक शिक्षण संस्था आहे. १९६३ साली ती रीजनल कॉलेज ऑफ एज्युकेशन या नावाने सुरू झाली. अजमेर, भोपाळ आणि भुवनेश्वर इथेही तशाच संस्था निघाल्या. म्हैसूरच्या संस्थेला जोडून एक शाळा आहे आणि तिच्या नावातच ‘डेमॉन्स्ट्रेशन’ हा शब्द आहे. शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना चांगले शिकवणे तिथे पाहायला मिळावे, हा अशा शाळेचा हेतू. पण नुसते पाहून कुणी शिक्षक होत नाही. त्यांना स्वतः वर्गावर उभे राहून पाठ घ्यावे लागतात. शिक्षक घडवताना ‘बघ आणि कर’ हा नियम आपण मानतो. मग त्यांच्या विद्यार्थ्यांना फक्त ‘बघ’ एवढेच का?

याविरुद्ध जी कारणे सांगितली जातात ती खोटी नाहीत, म्हणून त्यांचा विचार करायलाच हवा.

पहिले कारण वेळ. सीबीएसईच्या दहावीच्या विज्ञानात लेखी परीक्षेला ८० गुण आहेत आणि अंतर्गत मूल्यमापनाला २०. त्या २० मधले प्रात्यक्षिक कामासाठी फक्त ५. पाच गुणांसाठी जोड तास कोण घालवेल, असे वाटणे साहजिक आहे. पण ‘अर्धा आरसा झाकला तर?’ हा प्रश्न ८० गुणांच्या पेपरातच येतो. परिस्थिती देऊन विचार करायला लावणारे प्रश्न आता वाढले आहेत आणि ते पाठांतराने सुटत नाहीत. शिवाय चिन्हांच्या नियमात जे गोंधळतात, त्यांना कोणती प्रतिमा आरशाच्या पुढे आणि कोणती मागे हे डोळ्यांसमोर नसते, म्हणून ते गोंधळतात. एक जोड तास आणि एक प्रेप एवढ्यात आमच्या सगळ्या गटांचा तक्ता पूर्ण झाला. नंतर किरणाकृती शिकायला नेहमीपेक्षा कमी वेळ लागला, कारण उत्तर आधीच माहीत होते आणि आकृतीने फक्त त्याचे कारण सांगायचे होते.

दुसरे कारण साहित्य. प्रयोगशाळेतला छोटा अंतर्गोल आरसा चामड्याच्या क्रिकेट चेंडूपेक्षा स्वस्त असतो. एका मोसमात आपण किती चेंडू हरवतो ते क्रीडा विभागाला विचारा. मेणबत्तीची भीती वाटत असेल तर डॉर्ममधला टॉर्च चालतो. त्याच्या काचेवर पुठ्ठा लावून त्यात बाण कापायचा, म्हणजे उलटसुलट लगेच कळते. खोलीत अंधार हवा असेल तर खिडक्यांना कांबळी लावता येतात, आणि कांबळ्यांची आपल्याकडे कमतरता नाही.

तिसरे कारण शिस्त. चाळीस मुलांच्या हातात दहा आरसे दिले की अर्धी मुले एकमेकांच्या डोळ्यांत कवडसे मारणार, हे मीही नाकारत नाही. सूर्याचे परावर्तन डोळ्यांत गेले तर इजा होऊ शकते. नाभीवर धरलेला कागद पेटतो, हेही पुस्तकातच आहे. म्हणून नियम हवेत, गटप्रमुख हवा आणि सरांची नजर हवी. पण फायरिंग रेंजवर यापेक्षा किती तरी धोक्याची वस्तू आपल्या हातात देतात. तिथे शिस्त राहते, कारण तिथे काम करायचे असते. नुसते बसून बघायचे असले की चुळबुळ जास्त होते.

बहिर्गोल आरशाबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण धड्यात तो शेवटी येतो आणि घाईत उरकला जातो. त्याच्या समोर कागद कितीही सरकवा, प्रतिमा मिळत नाही. दहा मिनिटे शोधून ती मिळत नाही, हा अनुभवही शिकण्याचा भाग आहे. ‘आभासी’ म्हणजे काय ते तिथे कळते. प्रतिमा दिसते, पण पकडता येत नाही. आणि हा आरसा आपल्या रोजच्या वाटेवर आहे. मुख्य फाटकावर गाडीच्या खाली सरकवायचा चाके लावलेला आरसा बहिर्गोल असतो, कारण त्यात कमी जागेत जास्त भाग दिसतो. घाटातल्या आंधळ्या वळणावरचा आरसाही तोच, आणि ट्रकच्या बाजूचाही.

माझे बाबा सैन्यात चालक आहेत. ते सांगतात की नव्या चालकाला पहिली सवय लावावी लागते ती ही, की बाजूच्या आरशातली गाडी दिसते त्यापेक्षा जवळ असते. कारण तिथे प्रतिमा लहान होते आणि लहान दिसणारी गाडी आपल्याला लांबची वाटते. एक मीटर नाभीय अंतराच्या बहिर्गोल आरशात दहा मीटर मागची गाडी अकरा पट लहान दिसते. ही गोष्ट फळ्यावर ‘लहान, सुलट, आभासी’ या तीन शब्दांत संपते. घाटात रात्री ओव्हरटेक करताना ती तीन शब्दांची राहत नाही.

आपल्यातले बरेच जण पुढे गणवेशात असतील. तिथे दुर्बिणीतून, नकाशातून, पडद्यावरून दिसणाऱ्या गोष्टींवर निर्णय घ्यावे लागतील. दिसते ते कसे दिसते, त्यात काय लहान झाले, काय उलटे झाले, काय मुळात तिथे नाहीच, हे विचारायची सवय तेव्हा एकदम लागणार नाही. न दिसलेल्या प्रतिमेला ‘यस सर’ म्हणण्याची सवय मात्र सहज लागते. मला ती जास्त काळजीची वाटते.

म्हणून तीन विनंत्या. आदरणीय शिक्षकांना विनंती, की प्रकाशाच्या धड्यासाठी एक जोड तास ठेवावा, तक्ता रिकामा द्यावा आणि तो आमच्याकडून भरून घ्यावा. सुरुवातीचा नमुना तुम्हीच दाखवा, त्याशिवाय आम्हाला जमणार नाही.

कॅडेट मित्रांना विनंती, की प्रतिमा दिसली नसेल तर हात वर करून ‘नाही दिसली सर’ म्हणा. त्यात अपमान नाही. वर्गातल्या आणखी पंचवीस जणांना तेच म्हणायचे असते.

आणि पालकांना विनंती. दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही घरी येऊ तेव्हा ‘किती टक्के पडले?’ हे विचारालच. त्याबरोबर स्वयंपाकघरातला चकचकीत डाव किंवा बाबांचा दाढीचा मोठे दाखवणारा आरसा हातात द्या आणि सांगा, ‘समोरची खिडकी भिंतीवर पाडून दाखव.’ डावाच्या आतल्या बाजूत चेहरा उलटा का आणि बाहेरच्या बाजूत सुलटा का, हेही विचारा. आईने मराठीत ‘अंतर्गोल’ म्हटले आणि मुलाने इंग्रजीत उत्तर दिले तरी हरकत नाही. खिडकी भिंतीवर उलटी पडली की दोघांना एकच गोष्ट समजलेली असेल.